चिपच्या आराखड्याचे संशोधन आणि अंबाजोगाईपर्यंत पोहोचणारा निधी

संगणकाच्या चिपचा आराखडा यंत्र-शिक्षणाच्या साहाय्याने तयार करणे, हा गेल्या दशकभरात पीएच.डी.च्या संशोधनाचा एक स्वतंत्र विषय म्हणून उभा राहिला आहे. यंत्र-शिक्षण म्हणजे माणसाने एकेक नियम लिहून न देता, असंख्य उदाहरणांवरून किंवा स्वतःच्या प्रयत्नांच्या बऱ्यावाईट परिणामांवरून संगणकाने नियम शोधून काढण्याची पद्धत. या विषयात संशोधन करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला पैसा कोठून मिळतो, असा प्रश्न बीड जिल्ह्यातील एखाद्या अभियांत्रिकी पदवीधराने विचारला, तर शिष्यवृत्त्यांची नावे आणि दरमहाच्या रकमा सांगून उत्तर संपत नाही. शिष्यवृत्ती संशोधकाचा वेळ विकत घेते; पण या विशिष्ट विषयाला वेळेखेरीज महागडी आराखडा-सॉफ्टवेअरे, पूर्वीच्या आराखड्यांची माहिती, प्रचंड संगणनशक्ती आणि शेवटी प्रत्यक्ष चिप बनवून पाहण्याची संधी लागते, व या चार गोष्टी देणारा निधी वेगळ्या वाटेने येतो. या दोन वाटा एकाच विद्यार्थ्यापाशी येऊन मिळतात की नाही, यावर त्याचे संशोधन उभे राहणार की नाही हे ठरते.

हे समजण्यासाठी आधी आराखड्याचे काम पाहिले पाहिजे. चिप म्हणजे सिलिकॉनच्या नखाएवढ्या तुकड्यावर कोरलेले लाखो ते अब्जावधी ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेचा प्रवाह चालू-बंद करणारे अतिसूक्ष्म स्विच. अभियंता प्रथम चिपने काय करावे हे वेरिलॉगसारख्या वर्णनभाषेत लिहितो. मग सॉफ्टवेअर त्या वर्णनाचे लॉजिक गेटांच्या, म्हणजे ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ अशा मूलभूत तार्किक क्रिया करणाऱ्या छोट्या घटकांच्या, जाळ्यात रूपांतर करते. त्यानंतर प्रत्येक घटकाची सिलिकॉनवरची जागा ठरते, ज्याला प्लेसमेंट म्हणतात. आणि शेवटी घटकांना जोडणाऱ्या तारांचे मार्ग आखले जातात, ज्याला रूटिंग म्हणतात. हा अंतिम आराखडा कारखान्याकडे पाठवण्याच्या टप्प्याला टेप-आउट हे नाव आहे आणि त्यानंतर चूक सापडली तर ती दुरुस्त करता येत नाही, चिप पुन्हा बनवावी लागते.

यांतला प्लेसमेंटचा टप्पा यंत्र-शिक्षणाच्या दृष्टीने सर्वांत गाजला. माजलगाव धरणासारख्या प्रकल्पात बुडालेले गाव नव्या जागी वसवताना कोणाचे घर कोणाजवळ असावे, पाणवठा आणि शाळा कोठे असाव्यात, रस्ते किती रुंद ठेवावेत, हे सर्व एकाच वेळी ठरवावे लागते आणि एक घर हलवले की दहा घरांचे अंतर बदलते. प्लेसमेंटचा पेच याच जातीचा आहे, फक्त घरांची संख्या लाखांत असते. तार लांबली की संदेश उशिरा पोहोचतो आणि वीज अधिक खर्च होते, तर सगळे घटक एकाच ठिकाणी दाटले की तारांना मार्गच उरत नाही. एक हजार घटकसमूह एक हजार चौकटींत मांडण्याच्या शक्यता १० च्या २,५०० व्या घातापेक्षा अधिक भरतात, तर ‘गो’ या चिनी पटखेळातील शक्य डावांची संख्या १० च्या ३६० व्या घाताच्या आसपास मानली जाते, ही तुलना गूगलच्या संशोधकांनी मांडली होती.

अझालिया मिरहोसेनी आणि ॲना गोल्डी यांच्या नेतृत्वाखालील त्या गटाचा निबंध जून २०२१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांनी दृढीकरण-शिक्षण वापरले होते. या पद्धतीत संगणक एकामागून एक मांडणी करून पाहतो, प्रत्येक मांडणीला तारांची लांबी व दाटी यांवरून गुण मिळतात आणि त्या गुणांच्या आधारे तो पुढच्या वेळी कोणती चाल करावी हे शिकतो. माणसांना जिथे आठवडे वा महिने लागत तिथे सहा तासांच्या आत मोठ्या घटकांची मांडणी तयार होते, असा या निबंधाचा दावा होता आणि गूगलच्या स्वतःच्या टीपीयू या यंत्र-शिक्षणासाठीच्या चिपांसाठी ही पद्धत वापरली गेली.

त्यानंतर जे घडले ते निधीच्या प्रश्नाशी थेट जोडलेले आहे. सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील अँड्र्यू कांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रयोग स्वतंत्रपणे करून पाहण्याचा प्रयत्न केला, आणि २०२३ मध्ये त्यांनी असे नोंदवले की अनेक चाचण्यांत जुनी ‘सिम्युलेटेड ॲनीलिंग’ पद्धत आणि बाजारातील सॉफ्टवेअरे या नव्या पद्धतीपेक्षा सरस ठरतात. सिम्युलेटेड ॲनीलिंग म्हणजे तापलेला धातू सावकाश थंड होताना त्याचे कण जसे स्थिर रचनेत बसत जातात तशी, सुरुवातीला वाईट बदलही स्वीकारत आणि हळूहळू निवडक होत उत्तराकडे जाणारी पद्धत, जी आयबीएमच्या कर्कपॅट्रिक, जिलेट आणि वेक्ची यांनी १९८३ मध्ये ‘सायन्स’मध्ये मांडली होती. गूगलच्या गटाने उत्तरादाखल म्हटले की त्यांच्या प्रणालीला आधी इतर चिपांवर जे पूर्वशिक्षण दिले होते ते या फेरतपासणीत दिले गेले नाही. २०२४ मध्ये ‘नेचर’ने मूळ निबंधाला पुरवणी जोडली आणि पद्धतीचे ‘अल्फाचिप’ असे नामकरण झाले. वादाचा निकाल काहीही मानला, तरी त्याचे मूळ स्पष्ट आहे: ज्या चिपांवर प्रणाली शिकली त्या कंपनीच्या मालकीच्या होत्या, तुलनेसाठी लागणारी सॉफ्टवेअरे परवान्याच्या अटींत बांधलेली होती आणि पूर्वशिक्षणाला लागणारी संगणनशक्ती सामान्य विद्यापीठाच्या आवाक्याबाहेर होती. जगातील एका अग्रगण्य विद्यापीठाला जर या अडचणी आल्या, तर मराठवाड्यातील संशोधकाला केवळ शिष्यवृत्ती देऊन या विषयात सोडणे किती अपुरे आहे, हे वेगळे सांगायला नको.

चिपच्या आराखड्याची विद्या मुळात सार्वजनिक पैशांवर आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांच्या श्रमांवर वाढलेली आहे, ही गोष्ट आपल्याकडे पुरेशी सांगितली जात नाही. विद्युत मंडल प्रत्यक्ष बांधण्याआधी संगणकावर चालवून पाहणारा ‘स्पाइस’ हा प्रोग्राम १९७३ मध्ये बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून बाहेर पडला. लॉरेन्स नेगल यांनी तो प्राध्यापक डोनाल्ड पेडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली घडवला, त्याची सुधारित आवृत्ती नेगल यांच्या १९७५च्या प्रबंधाचा विषय होती आणि पेडरसन यांच्या आग्रहामुळे तो सर्वांना खुला ठेवला गेला. आजही मंडलांची चाचणी घेणाऱ्या सॉफ्टवेअरांत त्याचेच वंशज आढळतात. १९८० मध्ये कार्व्हर मीड आणि लिन कॉनवे यांचे पाठ्यपुस्तक आले आणि १९८१ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या ‘डार्पा’ या संशोधन-संस्थेच्या निधीतून ‘मोसिस’ ही सेवा सुरू झाली, ज्यात अनेक विद्यापीठांतील विद्यार्थ्यांचे छोटे आराखडे एकाच सिलिकॉन चकतीवर एकत्र छापले जात आणि चकतीचा मोठा खर्च सर्वांत वाटला जाई. म्हणजे तेथे शिष्यवृत्ती होतीच, शिवाय खुले सॉफ्टवेअर आणि सामायिक कारखानाही होता. १९८२ मध्ये अमेरिकी चिप-कंपन्यांनी ‘सेमिकंडक्टर रिसर्च कॉर्पोरेशन’ ही संस्था स्थापून स्पर्धा बाजूला ठेवली आणि विद्यापीठांतील संशोधनाला सामायिक निधी दिला, तो याच विचाराचा पुढचा टप्पा होता.

या परंपरेतील आजचा एक दुवा मुंबईपर्यंत येतो. पवईच्या आयआयटी मुंबईतून १९८७ मध्ये बी.टेक. झालेले आणि १९९२ मध्ये इलिनॉय विद्यापीठातून पीएच.डी. मिळवलेले सचिन सापटणेकर हे मिनेसोटा विद्यापीठात प्राध्यापक आहेत. डार्पाने २०१८ मध्ये हाती घेतलेल्या एका कार्यक्रमाचे उद्दिष्ट असे होते की चिपचा भौतिक आराखडा माणसाच्या हस्तक्षेपाशिवाय चोवीस तासांत तयार व्हावा. त्या कार्यक्रमातून दोन खुले प्रकल्प निघाले: अंकीय चिपांसाठी सॅन दिएगोच्या नेतृत्वाखालील ‘ओपनरोड’ आणि अनुरूप, म्हणजे ध्वनी वा तापमानासारखे सलग बदलणारे संकेत हाताळणाऱ्या, मंडलांसाठी मिनेसोटाच्या नेतृत्वाखालील ‘अलाइन’. सापटणेकर यांचा दोन्हींत महत्त्वाचा वाटा आहे. अनुरूप मंडलांची मांडणी आजवर अनुभवी अभियंत्याच्या हातावर अवलंबून राहिली, कारण कोणत्या दोन ट्रान्झिस्टरांना आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे समोरासमोर ठेवावे लागते हे त्या मंडलाचा हेतू ओळखल्याशिवाय कळत नाही. ‘अलाइन’मध्ये मंडलाकडे बिंदू आणि रेषांचे जाळे म्हणून पाहणारी यंत्र-शिक्षण पद्धत वापरून त्यातील उपमंडले ओळखली जातात आणि मग मांडणीचे नियम आपोआप लागू होतात. गूगलच्या भव्य प्रयोगापेक्षा हे काम कमी गाजले, पण शिकायला बसणाऱ्या विद्यार्थ्यासाठी ते अधिक उपयोगी आहे, कारण त्याचा सगळा प्रोग्राम कोणालाही उघडून वाचता येतो.

भारतातील निधीचे चित्र पाहू लागल्यास पहिला थर शिष्यवृत्तीचा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ‘नेट’ परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली, तर १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात. संगणकशास्त्र आणि इलेक्ट्रॉनिक विज्ञान हे दोन्ही विषय या परीक्षेत आहेत. केंद्रीय अर्थसंकल्पात २०१८ मध्ये जाहीर झालेली पंतप्रधान संशोधन अधिछात्रवृत्ती दरमहा ७०,००० रुपयांपासून सुरू होऊन शेवटच्या दोन वर्षांत ८०,००० रुपयांपर्यंत जाते आणि वर्षाला दोन लाख रुपयांचे संशोधन अनुदान वेगळे देते. मात्र ती आयआयटी, भारतीय विज्ञान संस्था अशा निवडक संस्थांपुरती आहे. या विषयाला सर्वांत जवळची योजना म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाची विश्वेश्वरय्या पीएच.डी. योजना. २०१४ मध्ये सुरू झालेल्या या योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात १,००० पूर्णवेळ आणि १५० अर्धवेळ संशोधकांची तरतूद आहे आणि पूर्णवेळ संशोधकाला पहिली दोन वर्षे दरमहा ३८,७५० रुपये व नंतर ४३,७५० रुपये दिले जातात. ज्यांचे नाव या योजनेला आहे ते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्यातच अभियांत्रिकी शिकले आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात असताना त्यांनी खडकवासल्याच्या धरणावर १९०३ मध्ये आपले स्वयंचलित दरवाजे बसवले, ही आठवण येथे अस्थानी होणार नाही.

महाराष्ट्रात याखेरीज राज्याच्या स्वायत्त संस्था आहेत. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा व कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागासवर्ग, भटक्या-विमुक्त जाती आणि विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्त्या आयोगाच्या दरांच्या धर्तीवर असतात, आणि राज्यातील विद्यापीठांत नोंदणी केलेल्या संशोधकांना त्या मिळू शकतात. बीडसारख्या जिल्ह्यात या संस्थांचे महत्त्व फार मोठे आहे. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास जिथून लाखो माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, त्या जिल्ह्यातील घरात शिकलेल्या मुलाने वा मुलीने पाच वर्षे कमाई न करता अभ्यास करावा ही अपेक्षा केवळ नियमित शिष्यवृत्तीच्याच बळावर करता येते. म्हणून जागांची मर्यादा, निवडीतील विलंब आणि थकलेले हप्ते यांसाठी या संशोधकांना गेल्या काही वर्षांत ज्या आंदोलनांना बसावे लागले, ती गोष्ट गौण मानता येत नाही. हप्ता सहा महिने रखडला तर आयआयटीतील विद्यार्थी वसतिगृहात तग धरू शकतो, केज वा धारूरच्या विद्यार्थ्याला खासगी शिकवणी धरावी लागते आणि तेवढे महिने प्रबंधातून वजा होतात.

आता दुसरा थर, म्हणजे सॉफ्टवेअर, संगणनशक्ती आणि प्रत्यक्ष चिप-निर्मिती यांसाठीचा निधी. सुमारे २५० कोटी रुपये खर्चाचा आणि पाच वर्षांचा ‘चिप्स टू स्टार्टअप’ हा केंद्र सरकारचा कार्यक्रम २०२२ मध्ये सुरू झाला. ८५,००० अभियंते तयार करण्याचे त्याचे लक्ष्य आहे आणि त्यांतील पीएच.डी.धारकांची संख्या २०० इतकी धरलेली आहे. जगातील चिप-आराखडा अभियंत्यांपैकी अंदाजे एक पंचमांश भारतात असल्याचे सांगितले जाते. त्या मानाने २०० हा आकडा लहान वाटतो, आणि तो लहानच आहे, कारण दुसऱ्याने दिलेल्या सॉफ्टवेअरवर काम करणारा अभियंता आणि ते सॉफ्टवेअर बदलू शकणारा संशोधक यांतले अंतर पीएच.डी.च भरून काढते. तरीही या कार्यक्रमाचे एक अंग खरोखर मोलाचे आहे. बेंगळुरूच्या सी-डॅक या सरकारी संगणन-संस्थेत ‘चिपइन’ नावाचे केंद्र उभारून तेथून आराखड्याची व्यापारी सॉफ्टवेअरे देशभरातील अडीचशेहून अधिक शैक्षणिक संस्थांना दूरस्थपणे वापरायला दिली जातात. जी सॉफ्टवेअरे एका महाविद्यालयाने स्वतः घ्यायची म्हटली तर त्याचे वर्षाचे अंदाजपत्रक कोलमडेल, ती अशा रीतीने सामायिक होतात. विद्यार्थ्यांचे निवडक आराखडे मोहालीच्या सेमिकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटर तंत्रावर प्रत्यक्ष चिप म्हणून बनवलेही जातात. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आजचे अग्रगण्य कारखाने ३ नॅनोमीटर वा त्याहून लहान पिढ्यांवर असल्याने १८० चे तंत्र जुने आहे. पण आयआयटी मुंबईत प्राध्यापक माधव देसाई यांच्या गटाने घडवलेला ‘अजित’ हा संस्कारक (प्रोसेसर) याच मोहालीच्या कारखान्यात याच तंत्रावर बनला, त्यामुळे संशोधनासाठी ते निरुपयोगी आहे असे कोणी म्हणू नये.

संगणनशक्तीची गरज मार्च २०२४ मध्ये मंजूर झालेल्या, १०,३०० कोटी रुपयांहून अधिक खर्चाच्या इंडियाएआय मिशनमधून काही प्रमाणात भागू शकते. त्यात सवलतीच्या दराने जीपीयू, म्हणजे यंत्र-शिक्षणाला लागणारे समांतर गणन करणारे संस्कारक, उपलब्ध करून दिले जातात आणि पीएच.डी.साठी स्वतंत्र अधिछात्रवृत्त्यांचीही तरतूद आहे.

हे दोन्ही थर बीड जिल्ह्यात कोठे येऊन मिळू शकतात, ते आता पाहू. जिल्ह्यातील अंबाजोगाईत आणि बीड शहरात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, शासकीय तंत्रनिकेतने आहेत, आणि पीएच.डी.ची नोंदणी छत्रपती संभाजीनगरचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ किंवा लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ यांसारख्या विद्यापीठांत करता येते. जवळच्या वर्तुळात नांदेडची श्री गुरू गोबिंद सिंगजी अभियांत्रिकी संस्था आणि संभाजीनगरच्या विद्यापीठ परिसरातील ‘नाइलिट’ या केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स-प्रशिक्षण संस्थेचे केंद्र आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांनी दोन दारे उघडली आहेत: चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के गुण असलेल्याला पदव्युत्तर पदवीशिवाय पीएच.डी.ला अर्ज करता येतो आणि नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी. करता येते. दुसरे दार बीडच्या महाविद्यालयांतील तरुण अध्यापकांसाठी विशेष उपयोगाचे आहे. अडते ते मार्गदर्शकापाशी. याच नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार संशोधक घेता येतात. चिपचा आराखडा आणि यंत्र-शिक्षण दोन्ही जाणणारा मान्यताप्राप्त मार्गदर्शक मराठवाड्यात मुळातच दुर्मीळ, त्यामुळे शिष्यवृत्ती हातात असूनही विद्यार्थी सोयीचा, पण वेगळा विषय स्वीकारतो. येथे सहमार्गदर्शकाची तरतूद गांभीर्याने वापरली पाहिजे: नोंदणी संभाजीनगरला, एक मार्गदर्शक तेथील, दुसरा पवई वा नागपूरच्या व्हीएनआयटीतला, आणि सॉफ्टवेअर बेंगळुरूहून, अशी रचना आज कागदावर तरी अशक्य नाही.

खुल्या साधनांनी तर अंतराचा बराचसा अडसर दूर केला आहे. कारखान्याचे नियम आणि मोजमापे ज्यात असतात तो ‘प्रक्रिया-संच’ पूर्वी गोपनीयतेच्या करारावाचून मिळत नसे. २०२० मध्ये गूगल आणि स्कायवॉटर या कंपन्यांनी १३० नॅनोमीटरचा असा संच सर्वांसाठी खुला केला. ‘ओपनरोड’ साध्या संगणकावर चालते. पेकिंग विद्यापीठाच्या पुढाकाराने २०२२ मध्ये खुला झालेला ‘सर्किटनेट’ हा आराखड्यांच्या माहितीचा साठा यंत्र-शिक्षणाला लागणारी उदाहरणे पुरवतो. या तिन्हींच्या आधारे अंबाजोगाईत बसलेला संशोधक पहिल्या वर्षात एक नेमका प्रश्न हाती घेऊ शकतो: प्लेसमेंट होताच, तासन्तास चालणारे रूटिंग करण्याआधी, तारांची दाटी कोठे होईल याचे भाकीत करणे. हा प्रश्न अल्फाचिपएवढा भव्य नाही, पण त्याचे उत्तर तपासता येते, कारण प्रत्यक्ष रूटिंग करून भाकिताशी ताडून पाहता येते आणि दुसऱ्या कोणालाही तोच प्रयोग त्याच साधनांनी पुन्हा करता येतो. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ‘चिपइन’मधील व्यापारी सॉफ्टवेअरवर तीच पद्धत पडताळायची आणि आराखडा मोहालीच्या पुढच्या फेरीत द्यायचा, असा क्रम आखता येतो, मात्र आराखडा गेल्यापासून चिप हाती येईपर्यंत कित्येक महिने जातात आणि मग तिची चाचणी उरते, म्हणून बार्टी, सारथी आणि महाज्योती यांनी आपल्या अधिछात्रवृत्तीच्या नियमांत अशा संशोधकासाठी निर्मिती आणि चाचणीच्या काळाची मुदतवाढ आणि जीपीयूच्या तासांसाठी वेगळी रक्कम धरली, तरच हा क्रम पाच वर्षांत बसतो.